रिकाम्या भांड्याचं खारं पाणी

माझ्या उजव्या हाताची बोटं बघितलीत तर सांध्यांशी सुपारीएवढ्या गाठी दिसतील. डॉक्टर म्हणतात, वात आहे, वय झालं. मी मान हलवते. वय झालंच आहे, खोटं कशाला बोलू? पण या गाठी वयाच्या नाहीत. या एका कोळंबीपायी आल्या आहेत. कोळंबीमुळे कुणाची बोटं कशी सुजतील, असं तुम्ही विचाराल. तेच सांगायला बसले आहे. परवापर्यंत हे सगळं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि जिला सांगायचं होतं तिनं ऐकून घ्यायला थांबायचं नाकारलं.

आम्ही पनवेलला तळ्याजवळ दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. तेव्हा गावात रेल्वे आली नव्हती. घरात चौघं: मी, आमचे हे, माझ्या सासूबाई आणि दीड वर्षाची मुलगी. सासूबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं होतं, म्हणून दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू त्या कुणाला काढू देत नव्हत्या. उजेड आणि अंधार एवढंच त्यांना कळायचं, बाकी सगळा कारभार कानांवर. हे खाडीकडच्या मिठागरावर कारकून होते. दिवेलागणीला घरी यायचे, ओटीवर बसायचे आणि एकेक करून बोटं मोडायचे. टक. जरा वेळानं पुन्हा टक. सासूबाई आतून ओरडायच्या, “मोडू नको रे बोटं, घरात दळिद्र येतं!” हे रोजचं ठरलेलं. मुलगा घरी आला हे त्यांना त्या आवाजावरून कळायचं, आणि ओरडून झालं की त्या निवांत जपाला बसायच्या.

एक दिवस हे जेवणाचा डबा सांभाळत, जपून पावलं टाकत आले. डब्यात पाणी आणि पाण्यात एक कोळंबी. मिठागरात भरतीचं पाणी आत घ्यायची जी वाट असते, तिथल्या चिखलात मजुरांना सापडली होती. बोटाएवढी, हिरवट राखी, आणि एक नांगी अंगाच्या मानानं अवाढव्य, जणू खेकड्याकडून उसनी आणलेली.

“एकच आणलीत?” मी म्हटलं. “एकीचं काय कालवण करू?”

“ही खायची नाही. पाळायची.”

आम्ही मासे खाणारी माणसं. मला हसावं की रडावं कळेना. “जी तळायची ती पाळायची? मग उद्या वांगी पाळा. खिडकीत ठेवू, नावानं हाक मारू!”

तेवढ्यात डब्यातून आवाज आला. टक. सासूबाई माजघरातून ओरडल्या, “आल्या आल्या सुरू झालं का रे?” आणि हे लहान मुलासारखे हसले. ती कोळंबी आपली मोठी नांगी उघडून फटकन मिटायची, त्याचा तो आवाज. हुबेहूब यांच्या बोटांचा.

तारऑफिसात मोडीत निघालेलं बॅटरीचं चौकोनी काचेचं भांडं यांनी कुठूनसं मिळवलं. ओटी आणि माजघर यांच्या मधल्या खिडकीत ते बसवलं. तळाला खाडीची वाळू, दोन शिंपले, आणि लपायला नारळाची अर्धी करवंटी पालथी. कोळीवाड्यातली आमची मासेवाली दर आठवड्याला कळशीभर खाडीचं पाणी आणून द्यायला लागली. निम्मं जुनं पाणी काढायचं, निम्मं नवं घालायचं. घालताना तांब्या उंच धरून बारीक धार सोडायची, म्हणजे पाण्याला हवा लागते. रोज चिमूटभर सुका जवळा. हे सगळं हे स्वतः करायचे. घरातला पाट कधी हातानं उचलला नाही त्या माणसानं!

मला त्या कोळंबीचा राग होता. आता लपवायचं कशाला? माझ्याशी दिवसाकाठी दहा शब्द बोलायचे नाहीत, आणि तिच्यासमोर बसून तासभर पुटपुटायचे. एका संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि यांनी बाहेरून हाक मारली. “अगं, ये तरी! हिनं काय केलंय बघ! गंमत बघ!” असा उत्साह मी त्यांच्या आवाजात लग्नातसुद्धा ऐकला नव्हता. मी तव्यासमोरून ओरडले, “मेली असेल तर सांगा. एरवी त्या प्राण्याचं मला एक अक्षर सांगायचं नाही.” त्यांनी परत कधी सांगितलं नाही. मी जे बोलायचे ते हा माणूस खरं धरून चालायचा.

फाल्गुनात त्यांना ताप आला. टायफॉइड. अकरा दिवस मी उशाशी होते. दहाव्या दिवशी दुपारी जरा शुद्धीवर आले, आणि माझ्याकडे बघून पहिलं काय विचारलं असेल? “तिचं पाणी बदललंस का?”

माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पोर शेजाऱ्यांकडे, सासूबाई देवापाशी, आणि यांना कोळंबी! माझं डोकंच फिरलं. “घाला तिला चुलीत!” मी म्हटलं. “माझा संसार बुडायला आलाय आणि तुम्हाला तिचं पाणी सुचतंय?”

त्यांनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. आमच्यातलं शेवटचं बोलणं हेच.

दहाव्याला बायका नदीवर जायच्या नाहीत, आमच्यात तशी रीत नव्हती. माझे चुलत दीर आणि चार पुरुष गाढी नदीच्या काठी गेले. सकाळी गेलेली माणसं दुपार झाली तरी परत येईनात. मग एक जण धापा टाकत आला. म्हणाला, कावळा शिवत नाही. सगळे कावळे भेंडीच्या झाडावर बसून आहेत, खाली कुणी उतरत नाही. वहिनींना घेऊन या.

मी तशीच उठून गेले. कपाळ मोकळं, पायात काही नाही, आणि वाळू अशी तापलेली की भाजणीच्या कढईत पाय टाकावा. पुरुष बाजूला झाले. पिंडावरचा भात वाळून कडक झाला होता. दिरांनी माझ्यादेखत पुन्हा हात जोडले. “दादा, काकूला मी सांभाळीन.” कावळे गप्प. “दादा, तुझ्या पोरीचं लग्न मी थाटात करून देईन.” एकानं पंख झाडले, तेवढंच. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. मला म्हणाले, “बाई, त्यांचं काही राहिलं होतं का?”

राहिलं होतं. काय ते मला ठाऊक होतं, आणि मला एकटीलाच ठाऊक होतं. इतक्या पुरुषांसमोर ते तोंडातून काढायची लाज वाटत होती. पण दर्भाचा कावळा लावून यांना वाटेला लावायचं? ते मला सहन होईना. मी पुढे झाले आणि म्हटलं, “तुमची कोळंबी मी सांभाळीन.”

कुणीतरी मागे खोकलं. एक कावळा उडाला, पिंडापासून हातभर अंतरावर बसला, मान वाकडी करून बघत राहिला. पुढे येईना.

“तिचं पाणी बदलीन,” मी म्हटलं. तो जागचा हलेना. मग मला रडूच फुटलं, आणि रडता रडता जे तोंडाला आलं ते बोलून गेले. “मी त्या घरात आहे तोवर तिचा आवाज घरातून जाऊ देणार नाही. आता तरी या!”

कावळ्यानं उडी मारली आणि चोचीत भात घेतला. दिरांनी डोळे पुसले. परतताना वाटेत मला म्हणाले, “वहिनी, कोळंबी म्हणजे काय?” मी म्हटलं, “कोळंबी म्हणजे कोळंबी.”

त्या दिवसापासून त्या जनावराचं सगळं माझ्याकडे आलं. हे करायचे तसं मी करू लागले. तांब्या उंच, धार बारीक. घरात कोळंबी शिजणं बंद झालं. आणि रोज दिवेलागणीला, मी कंदील पुसत असताना, खिडकीतून आवाज यायचा. टक. पहिल्यांदा आला तेव्हा सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी आंधळे डोळे ओटीकडे वळवले आणि अगदी हळू म्हणाल्या, “आला गं.”

त्यांना कोळंबी माहीत नव्हती असं नाही. त्यांनी त्या भांड्याला शंभरदा हात लावून पाहिला होता. तरी त्या “आला” म्हणाल्या. मग डोळ्यांना पदर लावून हसल्या. “जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. याची मेल्यावरही जाईना बघ.” हे रोजचं झालं. तो आवाज झाला की त्या पानावर बसायच्या. झाला नाही तोवर घास घ्यायच्या नाहीत. मुलगा गेल्यापासून त्यांनी अन्न जवळजवळ टाकलं होतं, ते या आवाजावर परत सुरू झालं. म्हणजे बघा, त्या बोटभर प्राण्यावर एक म्हातारी जगत होती.

तेरावा होऊन वीसेक दिवस झाले असतील. दुपारची वेळ. सासूबाई आणि पोर झोपलेल्या. मी जवळा घालायला गेले तर कोळंबी वाळूवर आडवी पडलेली. अंग फिकट, काचेसारखं. डोळे होते, मिशा होत्या, ती मोठी नांगीसुद्धा जागच्या जागी. मी केरसुणीच्या काडीनं ढोसलं. नुसती कलंडली.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते. मला हायसं वाटलं. सुटले, असं वाटलं. मग कावळा आठवला, मी दिलेला शब्द आठवला, आणि मग संध्याकाळ आठवली.

तिला गटारात टाकायला मन होईना. कशी टाकणार? ती आता यांच्या ठिकाणी होती. निर्माल्य आपण पायदळी टाकत नाही, पाण्यात सोडतो. तसंच करायचं ठरवलं. अख्खं भांडं पदराखाली कडेवर घेतलं आणि तळ्यावर गेले. घाटावर दोन बायका धुणं धूत होत्या. मी पलीकडच्या पायरीवर उतरले, हात जोडले, आणि पाणी, वाळू, शिंपले, ती फिकट कोळंबी, सगळं तळ्यात सोडलं. करवंटी तळाला चिकटली होती. ती उपटून उलटी केली तेव्हा तिच्या आतून काहीतरी मऊ, ओल्या वातीसारखं, माझ्या बोटांवरून घसरलं. मला शिसारी आली, मी हात झटकला. पाण्यात ते एकदा वळवळलं आणि खाली गेलं. तळ्यातलाच एखादा किडा असेल म्हटलं. घरी येऊन हात राखेनं घासले.

संध्याकाळी सासूबाई भिंतीला टेकून बसल्या. कंदील लागला. वेळ गेला. त्या म्हणाल्या, “आज आला नाही गं अजून?” मी म्हटलं, “येईल.” आणखी वेळ गेला. मी ताट वाढलं, त्यांनी बोटानं बाजूला सारलं. “येऊ दे त्याला.”

मी खिडकीपाशी गेले. रिकाम्या भांड्याशेजारी उभी राहिले. माझा डावा हात उजव्या हातावर कधी गेला मला कळलं नाही. पहिलं बोट मोडलंच नाही. दुसरं ओढलं. टक.

“आला,” सासूबाई म्हणाल्या, आणि ताट पुढे ओढलं.

मासेवाली दुसऱ्या दिवशी सकाळी कळशी घेऊन मागच्या दारी आली. मी तिला हळू आवाजात सांगितलं, की आता पाणी नको, ती मेली. कशी मेली म्हणून तिनं विचारलं. मी सांगितलं. फिकट झाली होती, पोकळ वाटत होती, काडीनं ढोसली तर हलकी लागली.

मासेवालीनं कळशी खाली ठेवली. “आगो वैनी, ती मेली नाय. कात टाकलीन तिनं.”

“कात?”

“खेकडं टाकतात, कोलंबी टाकते. सालटं सोडून भायेर येते. मंग आंग नरम असतं म्हनून दोन दिस लपून बसते. तुमी करवंटी बगितलीव का?”

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. “खय टाकलीव तिला?”

“तळ्यात.”

“गोऱ्या पान्यात?” ती म्हणाली. कोळीवाड्यात गोड्या पाण्याला तसं म्हणतात. मग तिनं तोंडावर हात घेतला. एवढंच केलं तिनं. मला बोल लावला असता तर बरं झालं असतं.

जन्मापासून मी मासे खाल्ले. चार वर्षांची असल्यापासून आईशेजारी बसून कोळंब्या सोलल्या. किती सोलल्या असतील, मोजदाद नाही. आणि कोळंबी स्वतःची स्वतः सोलून निघते, हे मला ठाऊक नव्हतं! मला खरंच वाटेना. मासेवाली मला समजावायला काहीतरी सांगतेय असं वाटलं. मग मला यांचं टेबल आठवलं. ते गेल्यापासून मी त्याचा खण उघडला नव्हता.

खणात काड्यापेट्या होत्या. सात. आतल्या काड्या काढून कापूस घातलेला, आणि कापसावर एकेक कोळंबी. फिकट, पोकळ, डोळ्यांसकट, नांगीसकट. पहिली सगळ्यात लहान, मग प्रत्येक जराशी मोठी. पेट्यांवर पेन्सिलीनं तिथी लिहिलेल्या, मिठागराच्या वहीत लिहायचे तशा बारीक अक्षरात. पहिल्या पेटीवर तिथीखाली आणखी दोन-तीन शब्द होते. “सौ. स दाखविणे.”

ती भाकरीची संध्याकाळ. हिनं काय केलंय बघ, गंमत बघ. ते हेच दाखवायला बोलवत होते. मी उठून दहा पावलं गेले असते, तर ती कोळंबी मेली नसती. मी खणापाशी तशीच बसले. मुलगी येऊन पेट्यांशी खेळायला लागली तेव्हा मी तिच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग तिला पोटाशी धरून अशी रडले की सासूबाई आतून विचारू लागल्या, काय झालं, काय झालं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. आज कळतं. पण “काय झालं” याला मी काय उत्तर देणार होते? तुमचा मुलगा मी काल दुपारी तळ्यात बुडवला? मी म्हटलं, “काही नाही, पोर पडली.”

मासेवालीला म्हटलं, दुसरी आणून दे. तिनं आणली. ती वाटेतच मेली. तिसरी पंधरा दिवस जगली, पण एकदाही वाजली नाही. करवंटीतून मिशा बाहेर काढून माझ्याकडे बघत राहायची. मला तिची भीती वाटायला लागली. ती मेली, आणि त्या वेळी मी दोन दिवस वाट पाहून, करवंटी उलटीपालटी करून, नीट खात्री करून घेतली. मग पाऊस लागला, खाडीचं पाणी गोडं झालं, आणि मी तो नाद सोडला. तोवर माझी बोटं तयार झाली होती.

आठ वर्षं, मंडळी. आठ वर्षं रोज तिन्हीसांजेला मी त्या खिडकीपाशी उभी राहिले. मला मुलींच्या शाळेत मास्तरीणबाईची नोकरी लागली. शाळेतल्या बायका संध्याकाळी हळदीकुंकवाला, कीर्तनाला जायच्या. मला विधवेला हळदीकुंकू नव्हतंच, पण कीर्तनही नव्हतं. माझ्या पाठच्या भावाचं लग्न आपटा गावात, गोरज मुहूर्तावर. अंतरपाट धरायच्या आधी मी पिशवी उचलली आणि एस. टी. पकडली. आई माझ्याशी वर्षभर बोलली नाही. भाऊ अजून काढतो ते. काय सांगणार होते मी त्याला? की पनवेलला जाऊन मला एक बोट मोडायचंय?

आणि भांडं रिकामं ठेवून चालत नव्हतं. सासूबाई त्याला हात लावायच्या, वास घ्यायच्या. नळाचं पाणी भरलं असतं तर लगेच ओळखलं असतं. म्हणून मासेवाली दर आठवड्याला खाडीचं पाणी आणत राहिली. एका रिकाम्या भांड्यासाठी, आठ वर्षं. एकदा मी तिला म्हटलं, “तुला हसू नाही येत माझं?” ती म्हणाली, “आमची मान्सं दर्यात जातात वैनी. घरात कोनाचा आवाज येतो, कोनाचा नाय, त्यावर आमी हसत नाय.” सासूबाई रोज चाचपडत भांड्यात चिमूटभर जवळा टाकायच्या. “खा बाबा,” म्हणायच्या. मी मागाहून गाळणीनं तो काढून घ्यायची. भिजलेला जवळा तळहातावर घेऊन मी कितीदा मागच्या दारात उभी राहिले असेन.

मुलीला सांगितलं होतं, ती करवंटीत लपते, सगळ्यांना दिसत नाही. आणि एक सक्त ताकीद होती, या घरात बोटं मोडायची नाहीत. एकदा खेळता खेळता तिनं दुपारी मोडली. सासूबाई अंथरुणातून धडपडत उठल्या, “आज इतक्या लवकर?” म्हणत ओटीकडे निघाल्या आणि उंबऱ्याला अडखळून पडल्या. मी पोरीला मारलं. तिला का मारलं ते सांगितलं नाही. पुढे मोठी झाल्यावर तिचं तिला कळलं असावं, कारण मग संध्याकाळी ती आपण होऊन ओटीवर अभ्यासाला बसायला लागली, माझ्या तोंडाकडे न बघता.

एक गोष्ट मात्र मला कधी उलगडली नाही. पाचव्या की सहाव्या वर्षी, एका संध्याकाळी मी नेहमीसारखी खिडकीपाशी गेले, बोट धरलं, आणि मी ओढायच्या आत आवाज झाला. टक. अगदी जवळ. मुलगी तेव्हा शेजारी गेली होती. भांड्यातलं पाणी स्थिर होतं. काच तडकली का म्हणून मी हात फिरवून पाहिलं, कुठे चरासुद्धा नव्हता. माजघरातून सासूबाई रोजच्या आवाजात म्हणाल्या, “आला.” मी बोट सोडून दिलं. त्या रात्री मला ताप भरला. चोराच्या मनात चांदणं, असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी परत माझं मलाच मोडावं लागलं.

शेवटी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. महिनाभर मी त्यांचं सगळं केलं. जायच्या दोन दिवस आधी त्यांनी मला जवळ बोलावलं. माझा चेहरा चाचपला, मग दोन्ही हात माझ्या गालांवरून फिरवून आपल्या कानशिलांवर नेले आणि बोटं मोडली, पोरांची दृष्ट काढल्यावर मोडतात तशी. त्यांच्या बोटांत जोर कुठला राहिलेला! दहांतलं एकच मोडलं. टक. हुबेहूब तोच आवाज. मग म्हणाल्या, “दमलीस गं तू.”

एवढंच. दमलीस म्हणजे महिनाभराच्या शुश्रूषेनं, की आणखी कशानं? मी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आज नको, उद्या सांगू म्हटलं. उद्या त्यांची शुद्ध गेली.

त्यांच्या दहाव्याला मी नदीवर गेले. रीत गेली खड्ड्यात. दिरांना म्हटलं, मी येणार. नऊ दिवस मी एकच वाक्य घोकत होते. “आई, कोळंबी मी मारली. आठ वर्षं मी तुम्हाला फसवलं.” मला पक्कं माहीत होतं, हे सांगितल्याशिवाय कावळा शिवायचा नाही. शिवूही नये. तिथं चार माणसांत सगळं बोलून टाकायचं आणि मोकळं व्हायचं, असं मी ठरवलं होतं. मला पिंडापेक्षा त्याचीच ओढ लागली होती.

दिरांनी पिंड मांडला. केळीचं पान वाऱ्यानं उडत होतं, ते नीट करायला ते वाकले. त्यांचा हात पानावर असतानाच कावळा आला. कुणी काही बोलायच्या आत, सरळ, भूक लागलेलं पोर ताटावर यावं तसा. भात घेतला आणि गेला.

“पुण्यवान म्हातारी!” सगळे म्हणाले. “काही मागं ठेवलं नाही.”

मी तोंड उघडून उभी होते. वाक्य जिभेवर तसंच. मला त्या कावळ्याचा असा संताप आला! मेल्या, जरा थांबायचंस! एवढं तर बोलू द्यायचंस मला! दिरांनी विचारलं, “वहिनी, काही म्हणत होतात?” मी म्हटलं, “नाही. चला, ऊन झालं.”

संध्याकाळी घरी कंदील लावला. माजघरातली भिंतीजवळची जागा रिकामी. आता कुणासाठी, असं वाटलं. पण मी शब्द दिला होता तो सासूबाईंना नव्हता. मी खिडकीपाशी गेले. टक. आतून कुणी काही म्हणालं नाही. त्यानंतर मासेवाली गेली, मुलीचं लग्न झालं, गावात रेल्वे आली, आसपासची मिठागरं बुजत गेली. ते घर मात्र मी सोडलं नाही. भांडं खिडकीत आहे. एका संध्याकाळीही मी चुकले नाही.

आता सांधे सुजले आहेत. बोट ओढलं तर डोळ्यांत पाणी येतं, पण आवाज येत नाही. गेले चार महिने घरात आवाज नाही. परवा मुलगी आली तेव्हा तिला सगळं सांगितलं, काड्यापेट्यांसकट. तिनं ऐकून घेतलं. मी म्हटलं, “माझ्या दहाव्याला कावळा नक्की अडेल. तेव्हा जावयांना काही नवस बोलायला लावू नकोस, माझी कसलीही इच्छा नाही. तू फक्त पुढे हो आणि एक बोट मोड.”

तिनं आपली बोटं उघडून मिटून पाहिली. मग म्हणाली, “आई, मला बोटं मोडता येत नाहीत. तू कधी मोडूच दिली नाहीस.”

दिवेलागण झाली होती. मी तिला खिडकीपाशी नेलं, तिचा उजवा हात माझ्या हातात घेतला आणि मधलं बोट कसं धरायचं ते तिला दाखवायला लागले.